अलेस्सांद्रो व्होल्टा : विद्युतदाबाच्या एककाला नाव देणारे शास्त्रज्ञ

भारतातील घरांना होणारा वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. टॉर्चमध्ये वापरला जाणारा साधा विद्युत घट दीड व्होल्टचा असतो, तर देशातील विद्युतीकृत लोहमार्गांवर इंजिनाला वीज पुरविणाऱ्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. मोबाइलच्या चार्जरपासून विद्युत उपकेंद्रावरील धोक्याच्या फलकापर्यंत सर्वत्र आढळणारा व्होल्ट हा शब्द इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या नावावरून आला आहे.

व्होल्टा हे जगातील पहिल्या विद्युत घटमालेचे, म्हणजेच बॅटरीचे जनक म्हणून प्रसिद्ध आहेत. तथापि विद्युत विभवाच्या एककाला त्यांचे नाव देण्यामागे आणखी एक कारण सांगता येते. विजेचे प्रमाण आणि विजेचा दाब या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्टपणे ओळखून त्या दोहोंचा संबंध प्रयोगाने दाखविणाऱ्या पहिल्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. ज्या शोधाने ते अजरामर झाले, त्या शोधाचे त्यांनी केलेले स्पष्टीकरण मात्र पुढे चुकीचे ठरले. व्होल्टा यांचे जीवन या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊनच समजून घ्यावे लागते.

बालपण आणि शिक्षण

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतील कोमो या गावी झाला. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, त्याच नावाच्या सरोवराच्या काठावर वसलेले हे नगर लोंबार्दी प्रांतात आहे. त्या काळी इटली हे एकसंध राष्ट्र नव्हते आणि लोंबार्दीवर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता होती. व्होल्टा यांचे वडील फिलिप्पो आणि आई माद्दालेना हे दोघेही प्रतिष्ठित कुळांतील होते. फिलिप्पो यांनी तारुण्यातील काही वर्षे जेझुइट पंथात काढली होती आणि कुटुंबातील अनेक जण धर्मसेवेत होते.

अलेस्सांद्रो चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. हा मुलगा मुकाच राहणार की काय, अशी चिंता घरच्यांना वाटत होती. परंतु सात वर्षांचे होईपर्यंत त्यांनी आपल्या बरोबरीच्या मुलांना गाठले आणि लवकरच मागे टाकले. याच सुमारास त्यांचे वडील निवर्तले व त्यांच्या संगोपनाची जबाबदारी काकांवर आली. कोमो येथील जेझुइट शाळेत शिकत असताना त्यांची बुद्धिमत्ता पाहून त्यांनी पंथाची दीक्षा घ्यावी, असा प्रयत्न शिक्षकांनी केला. काकांना ते मान्य नव्हते. त्यांनी पुतण्याला १७६१ मध्ये त्या शाळेतून काढून घेतले. त्यांनी कायद्याचा अभ्यास करावा, अशी कुटुंबाची इच्छा होती. पण व्होल्टा यांचे मन निसर्गविज्ञानात रमले होते.

त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. कोमो येथील ज्यूलिओ चेझारे गात्तोनी या सधन मित्राने आपल्या घरी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभारली होती. तेथील उपकरणे आणि ग्रंथ व्होल्टा यांना उपलब्ध झाले. फ्रान्समधील नोले आणि तुरिन येथील बेक्कारिया या त्या काळच्या नामवंत विद्युतशास्त्रज्ञांशी त्यांनी तरुण वयातच पत्रव्यवहार सुरू केला. १७६९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, विजेच्या आकर्षणशक्तीविषयीचा त्यांचा पहिला लॅटिन निबंध प्रसिद्ध झाला. १७७४ मध्ये कोमो येथील शासकीय शाळांच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली आणि पुढील वर्षी ते तेथेच प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इलेक्ट्रोफोरस आणि ताणाची कल्पना

अठराव्या शतकात विजेचे ज्ञान प्रामुख्याने घर्षणातून निर्माण होणाऱ्या विद्युत प्रभारापुरते मर्यादित होते. काचेचा गोल फिरवून वीज निर्माण करायची, ती लेडन जार नावाच्या बरणीत साठवायची आणि ठिणगीच्या रूपाने क्षणात खर्च करायची, एवढेच साध्य होते. १७७५ मध्ये व्होल्टा यांनी इलेक्ट्रोफोरस हे उपकरण जगापुढे मांडले. स्वीडनमधील योहान व्हिल्के यांनी याच स्वरूपाचा प्रयोग १७६२ मध्ये केला होता; मात्र सहज वापरता येईल असे साधन व्होल्टा यांनी तयार केले व ते युरोपभर पोहोचले.

इलेक्ट्रोफोरसची रचना सोपी होती. धातूच्या ताटलीत राळेची वडी ओतून ती घासली असता तिच्यावर विद्युत प्रभार येतो. विद्युतरोधक दांडा असलेली धातूची दुसरी चकती त्या वडीवर ठेवायची, तिला क्षणभर बोटाने स्पर्श करायचा आणि दांड्याला धरून ती उचलायची. उचललेल्या चकतीतून ठिणगी मिळते. राळेवरील प्रभार त्यामुळे खर्च होत नसल्याने हीच कृती अनेकदा करता येते.

या उपकरणाने व्होल्टा यांना एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे नेले. चकती राळेवर असताना विद्युतदर्शी उपकरणात विजेचे अस्तित्व जेमतेम जाणवते. तीच चकती वर उचलताच विद्युतदर्शीच्या काड्या एकमेकींपासून दूर फाकतात. चकतीवरील विजेचे प्रमाण तर तेवढेच असते. मग वाढले काय? व्होल्टा यांनी या वाढणाऱ्या गोष्टीला ताण असे म्हटले. विजेची बाहेर पडण्यासाठीची धडपड किंवा ओढ, असा या शब्दामागील आशय होता. उच्च दाबाच्या विद्युत वाहिन्यांना आजही हाय टेन्शन वाहिनी म्हटले जाते, त्यामागे हीच कल्पना आहे.

१७७८ मध्ये लिहिलेल्या विद्युतवाहकांच्या धारितेविषयीच्या निबंधात त्यांनी या विचाराला अधिक नेमके रूप दिले. एखाद्या वस्तूवरील विजेचे प्रमाण हे त्या वस्तूची धारिता आणि तिच्यावरील ताण यांच्या गुणाकाराइतके असते, असा त्यांच्या मांडणीचा अर्थ होता. धारिता कमी झाली की तेवढ्याच विजेचा ताण वाढतो. अरुंद भांड्यात ओतलेल्या पाण्याची पातळी उंच चढते आणि तेवढेच पाणी परातीत ओतले तर ती खाली राहते, त्यासारखाच हा प्रकार आहे. आज शालेय पाठ्यपुस्तकांतून शिकवला जाणारा प्रभार, धारिता आणि विभवांतर यांचा संबंध हाच आहे.

दलदलीतील वायू आणि पाव्हियाचे अध्यासन

व्होल्टा यांची जिज्ञासा विजेपुरती सीमित नव्हती. १७७६ च्या नोव्हेंबर महिन्यात माज्जोरे सरोवराच्या काठी आंजेरा येथे दलदलीतील चिखल काठीने ढवळून त्यांनी वर येणारे बुडबुडे गोळा केले. हा वायू निळसर ज्योतीने जळतो, असे त्यांना आढळले. आज तो मिथेन या नावाने ओळखला जातो. बंद नळीत वायू भरून विद्युत ठिणगीने त्याचा स्फोट घडविणारे उपकरणही त्यांनी तयार केले. हवेतील प्राणवायूचे प्रमाण मोजण्यासाठी पुढे त्याचा उपयोग झाला. कोमोपासून मिलानपर्यंत तार टाकून अशा उपकरणात दूरवरून स्फोट घडवता येईल व त्याद्वारे इशारा देता येईल, असा विचारही त्यांनी १७७७ मध्ये मांडला होता. विद्युत तारायंत्र प्रत्यक्षात येण्यास त्यानंतर अनेक दशके लागली.

१७७८ मध्ये त्यांची पाव्हिया विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर नियुक्ती झाली. हे पद त्यांनी सुमारे चाळीस वर्षे भूषविले. स्वित्झर्लंड, फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मन प्रदेशांचा त्यांनी प्रवास केला. १७७७ च्या दौऱ्यात त्यांनी फ्रेंच विचारवंत व्होल्तेर यांची भेट घेतली. १७८२ मध्ये पॅरिस येथे लव्हाझिये आणि लाप्लास यांच्यासमवेत त्यांनी बाष्पीभवनातून निर्माण होणाऱ्या विजेसंबंधी प्रयोग केले. त्याच वर्षी त्यांचे धारक विद्युतदर्शी हे उपकरण लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. अत्यंत क्षीण विजेचा ताण वाढवून तो दृश्य करणारे हे साधन पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या वादात निर्णायक ठरणार होते. १७९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१७९४ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचा विवाह कोमो येथील तेरेसा पेरेग्रिनी यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन पुत्र झाले.

बेडकाचा पाय आणि दोन शास्त्रज्ञांचा वाद

बोलोन्या येथील वैद्यक आणि शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये स्नायूंच्या हालचालीतील विजेसंबंधीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मृत बेडकाच्या पायाचा स्नायू आणि मज्जातंतू धातूंच्या साहाय्याने जोडले असता पाय झटका देतो, असे त्यांना दिसून आले होते. प्राण्यांच्या शरीरातच वीज असते आणि धातू केवळ तिला वाट करून देतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या विजेला त्यांनी प्राणिज वीज असे संबोधले.

व्होल्टा यांनी हे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि आरंभी गॅल्व्हानी यांच्या मताचे मनापासून स्वागत केले. परंतु प्रयोग पुढे नेताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दोन भिन्न धातू वापरले असता झटका जोरदार बसतो. एकच धातू वापरल्यास तो क्षीण होतो किंवा बसतच नाही. त्यांनी स्वतःच्या जिभेवरही प्रयोग केला. जिभेच्या टोकाला कथिलाचा पत्रा आणि मागील बाजूस चांदीचा चमचा ठेवून दोन्ही एकमेकांना टेकविताच आंबट चव जाणवली. वीज बेडकात नसून दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून उत्पन्न होते आणि बेडकाचा पाय हा केवळ एक अतिशय संवेदनशील विद्युतदर्शी आहे, असे मत त्यांनी मांडले. या संशोधनासाठी रॉयल सोसायटीने १७९४ मध्ये त्यांना कोप्ली पदक प्रदान केले.

गॅल्व्हानी यांनी या मताला प्रयोगानेच उत्तर दिले. कोणताही धातू न वापरता, केवळ मज्जातंतू आणि स्नायू यांचा परस्परांना स्पर्श घडवूनही बेडकाचा पाय आकुंचन पावतो, हे त्यांनी दाखवून दिले. युरोपातील अभ्यासकांमध्ये दोन तट पडले. व्होल्टा यांनी आपल्या धारक विद्युतदर्शीच्या साहाय्याने, प्राण्याचा कोणताही भाग न वापरता, दोन धातूंच्या स्पर्शातून निर्माण होणारा अत्यल्प ताण प्रत्यक्ष दाखविला. जस्तापासून चांदीपर्यंत धातूंचा एक क्रमही त्यांनी निश्चित केला. या क्रमात दोन धातू जितके दूर, तितका त्यांच्यामधील ताण अधिक, असे त्यांना आढळले.

हा वाद चालू असतानाच इटलीतील राजकीय परिस्थिती पालटली. फ्रेंच सैन्याने उत्तर इटली जिंकली आणि तेथे नवे प्रजासत्ताक स्थापन झाले. नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घेण्यास गॅल्व्हानी यांनी नकार दिल्याने त्यांना प्राध्यापकपद गमवावे लागले. ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. व्होल्टा यांनी बदलत्या राजवटींशी जुळवून घेतले. मात्र त्यांनाही या उलथापालथीची झळ बसली. १७९९ मध्ये ऑस्ट्रियाचे सैन्य परतल्यावर पाव्हिया विद्यापीठ बंद करण्यात आले आणि व्होल्टा कोमो येथे परतले.

चकत्यांची चळत

याच काळात, १७९९ च्या अखेरीस, त्यांच्या संशोधनाला यश आले. दोन धातूंच्या एका जोडीतून मिळणारा ताण अत्यल्प असतो. तो वाढविण्यासाठी नुसत्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून उपयोग होत नव्हता. व्होल्टा यांनी चांदीची आणि जस्ताची चकती एकत्र ठेवली, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला आणि पुन्हा त्याच क्रमाने चांदी, जस्त व पुठ्ठा अशी रचना चालू ठेवली. नाण्यांची रचावी तशी ही चळत होती. तिच्या दोन टोकांना ओल्या हातांनी स्पर्श करताच धक्का बसला आणि पुन्हा स्पर्श करताच पुन्हा बसला. लेडन जार एकदा रिकामी झाली की तिच्यात नव्याने वीज भरावी लागे. ही चळत मात्र सतत कार्य करीत राहिली.

२० मार्च १८०० रोजी व्होल्टा यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत एक दीर्घ पत्र लिहून या शोधाची माहिती दिली. टॉर्पेडो माशाच्या शरीरातील विद्युत अवयवाशी त्यांनी आपल्या उपकरणाची तुलना केली. चळतीच्या टोकांना जोडलेल्या धातूच्या सळया आपल्या दोन्ही कानांत घालून त्यांनी स्वतःवर प्रयोग केला होता. डोक्याला धक्का बसला आणि काहीतरी खदखदत असल्यासारखा आवाज ऐकू आला, असा अनुभव त्यांनी नोंदविला व तो धोकादायक वाटल्याने पुन्हा करणे टाळले. पुठ्ठे वाळल्यावर चळतीची शक्ती मंदावते, हा दोष दूर करण्यासाठी खारट पाण्याने भरलेले पेले वर्तुळात मांडून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडण्याची दुसरी पद्धतही त्यांनी दिली. हे पत्र २६ जून १८०० रोजी सोसायटीपुढे वाचण्यात आले.

चांदी आणि जस्ताच्या एका जोडीचा दाब आजच्या मोजमापानुसार एका व्होल्टच्या आसपास भरतो. अशा जोड्या एकीवर एक चढविल्या की प्रत्येक जोडीचा दाब आधीच्या दाबात मिळविला जातो. चकत्या आकाराने मोठ्या केल्या तरी दाब वाढत नाही, तो जोड्यांच्या संख्येनुसार वाढतो. आज चार घट एकामागून एक बसविणारा प्रत्येक जण हाच नियम वापरत असतो. ताण ही बेरीज करता येण्याजोगी राशी आहे, हे व्होल्टा यांच्या चळतीने सर्वांना स्पष्टपणे दाखविले.

पत्र वाचले जाण्याआधीच त्याचा परिणाम दिसू लागला. बँक्स यांच्याकडून माहिती मिळताच लंडनमध्ये विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी चळत तयार केली आणि २ मे १८०० रोजी तिच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंमध्ये विघटन केले. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी याच मार्गाने पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. १८२० मध्ये डेन्मार्कमधील अर्स्टेड यांना विद्युतधारेमुळे होकायंत्राची सुई वळते, असे आढळले. हे सर्व शोध सातत्याने वाहणाऱ्या विद्युतधारेशिवाय शक्य नव्हते.

सन्मान आणि एक अपुरे स्पष्टीकरण

१४ जून १८०० रोजी मारेंगोच्या लढाईत नेपोलियन बोनापार्ट यांनी विजय मिळविल्यानंतर पाव्हिया विद्यापीठ पुन्हा सुरू झाले आणि व्होल्टा यांना त्यांचे पद परत मिळाले. नोव्हेंबर १८०१ मध्ये त्यांनी पॅरिस येथे राष्ट्रीय संस्थेच्या सदस्यांपुढे आपले प्रयोग सादर केले. स्वतः नेपोलियन या वेळी उपस्थित होते. त्यांच्या सूचनेवरून व्होल्टा यांना सुवर्णपदक देण्यात आले. पुढे त्यांना निवृत्तिवेतन, सिनेटचे सदस्यत्व आणि १८१० मध्ये काउंट हा किताब मिळाला. व्होल्टा यांनी निवृत्तीची इच्छा व्यक्त केली असता नेपोलियन यांनी ती मान्य केली नाही.

एवढ्या सन्मानांनंतर व्होल्टा यांनी विजेच्या क्षेत्रात मोठी भर घातली नाही. चळतीतील विजेचे मूळ कोणते, या प्रश्नावरील त्यांचे मतही अखेरपर्यंत बदलले नाही. दोन भिन्न धातूंच्या केवळ संपर्कातूनच विद्युतधारा चालते आणि ओला पुठ्ठा फक्त वाहकाचे काम करतो, असे ते मानत. हे खरे असते तर चळत काहीही खर्च न होता अनंत काळ चालली असती. प्रत्यक्षात जस्ताची चकती झिजते आणि द्रवात रासायनिक क्रिया घडते. इटलीतील फाब्ब्रोनी यांनी अशा रासायनिक कारणाकडे आधीच लक्ष वेधले होते. डेव्ही यांनी त्याला बळकटी दिली आणि मायकेल फॅरडे यांच्या १८३० च्या दशकातील संशोधनाने रासायनिक क्रिया व वीज यांचे प्रमाणबद्ध नाते प्रस्थापित केले. योगायोग असा की, १८१४ मध्ये डेव्ही यांच्यासोबत इटलीच्या दौऱ्यावर आलेल्या तरुण फॅरडे यांची वृद्ध व्होल्टा यांच्याशी मिलान येथे भेट झाली होती.

अखेरची वर्षे

नेपोलियन यांच्या पराभवानंतर लोंबार्दी पुन्हा ऑस्ट्रियाकडे गेली. ऑस्ट्रियाच्या सम्राटांनीही व्होल्टा यांचा मान राखला आणि १८१५ मध्ये पादुआ येथील तत्त्वज्ञान विद्याशाखेच्या संचालकपदी त्यांची नेमणूक केली. त्याआधी १८१४ मध्ये फ्लामिनिओ या पुत्राच्या मृत्यूचे दुःख त्यांना सोसावे लागले होते. १८१९ मध्ये ते निवृत्त होऊन कोमोजवळील कामनागो या गावी कुटुंबासह राहू लागले. ५ मार्च १८२७ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे कोमो येथे निधन झाले. ज्यांच्यासमवेत त्यांनी पॅरिस येथे प्रयोग केले होते, ते फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांचेही त्याच दिवशी निधन झाले.

त्याच वर्षी जर्मनीत गेओर्ग ओम यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाहकातील विद्युतधारा ही त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात असते, हा त्यातील नियम आज ओमचा नियम म्हणून शिकविला जातो. व्होल्टा यांनी मांडलेल्या ताणाच्या कल्पनेला आता विद्युत मंडलातील निश्चित स्थान मिळाले.

व्होल्ट या एककाची वाटचाल

तारायंत्राच्या प्रसारानंतर विजेच्या मोजमापाची गरज तीव्र झाली. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. संदेश वेगाने पोहोचावा म्हणून तिच्यावर अतिशय उच्च दाब देण्यात आला होता आणि तो तारेला पेलवला नाही. दाब किती द्यावा, हे ठरवायचे तर तो मोजण्याचे सर्वमान्य एकक हवे होते. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये नेमलेल्या समितीने या कामाला प्रारंभ केला. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट, ओम, अँपिअर, कूलोम आणि फॅरड ही एकके स्वीकारली.

एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत एक कूलोम प्रभार नेण्यासाठी एक ज्यूल कार्य घडत असेल, तर त्या दोन बिंदूंमधील विभवांतर एक व्होल्ट असते. व्होल्ट ही संख्या वीज किती आहे हे सांगत नाही; प्रत्येक एकक प्रभारामागे किती ऊर्जा आहे, हे ती सांगते. हिवाळ्यात कृत्रिम धाग्याचा स्वेटर काढताना उडणाऱ्या ठिणगीचा दाब काही हजार व्होल्ट असू शकतो, पण प्रभार इतका अल्प असतो की इजा होत नाही. याउलट मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो, तरी इंजिन सुरू करताना ती शेकडो अँपिअर विद्युतधारा पुरविते. प्रमाण आणि ताण यांतील हाच भेद व्होल्टा यांनी इलेक्ट्रोफोरसवरून ओळखला होता.

दीर्घ काळ व्होल्टचे प्रमाण विशिष्ट विद्युत घटांच्या साहाय्याने जपले जात असे. वेस्टन घटाचा २० अंश सेल्सिअस तापमानातील १.०१८३ व्होल्ट हा दाब त्यासाठी आधारभूत मानला जाई. १९६२ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनी अतिवाहकांच्या जोडातील एका परिणामाचे भाकीत केले आणि त्यासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या परिणामामुळे व्होल्टची सांगड थेट वारंवारतेशी घालता येते. सुमारे ४,८३,५९८ गिगाहर्ट्झ वारंवारता एका व्होल्टशी निगडित आहे. १९९० पासून जगभर ही पद्धत एकसमान रीतीने वापरात आली आणि २० मे २०१९ पासून लागू झालेल्या एककांच्या नव्या व्याख्यांनी तिला निसर्गातील स्थिरांकांचा पक्का आधार दिला. भारतात विजेच्या दाबाचे राष्ट्रीय प्रमाण नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते.

वारसा

चळतीच्या शोधाच्या शताब्दीनिमित्त १८९९ मध्ये कोमो येथे भरलेल्या प्रदर्शनात आग लागून व्होल्टा यांची अनेक मूळ उपकरणे नष्ट झाली. बचावलेली उपकरणे आणि नष्ट झालेल्यांच्या प्रतिकृती सरोवराकाठच्या व्होल्टा स्मारक मंदिरात जतन करण्यात आल्या आहेत. हे संग्रहालय १९२८ मध्ये खुले झाले. त्याआधी, त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्यानिमित्त, सप्टेंबर १९२७ मध्ये कोमो येथे आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषद झाली. नील्स बोर यांनी पुंजभौतिकीतील आपले पूरकतेचे तत्त्व याच परिषदेत प्रथम मांडले. भारतातून मेघनाद साहा आणि देबेंद्र मोहन बोस हे शास्त्रज्ञ या परिषदेला उपस्थित होते. युरो चलन येण्यापूर्वी इटलीच्या दहा हजार लिरांच्या नोटेवरही व्होल्टा यांचे चित्र होते.

व्होल्टा आणि गॅल्व्हानी यांच्यातील वादाचा निकाल काळानेच दिला. बेडकाच्या पायाला झटका देणारी वीज धातूंच्या जोडीमुळे निर्माण होऊ शकते, हे व्होल्टा यांचे म्हणणे योग्य होते. सजीवांच्या शरीरात स्वतःची वीज असते, हे गॅल्व्हानी यांचे म्हणणेही तितकेच खरे ठरले. मज्जापेशीच्या आवरणाच्या दोन बाजूंमध्ये विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे ७० सहस्रांश व्होल्टचे विभवांतर असते आणि रुग्णालयात काढल्या जाणाऱ्या हृदयाच्या आलेखात अशाच सूक्ष्म विजेची नोंद होते. गॅल्व्हानी यांच्या प्राणिज विजेचे मोजमाप आज व्होल्टा यांच्या नावाच्या एककातच केले जाते.